सुसान अँथनी डॉलर: मताधिकाराचं नाणं लोकांच्या हातात का टिकलं नाही

अमेरिकेच्या टाकसाळींनी १९७९ सालच्या तारखेची, सुसान बी. अँथनी यांचा चेहरा असलेली ७५ कोटी ७८ लाखांहून जास्त एक डॉलरची नाणी पाडली. १९८० मध्ये हा आकडा नऊ कोटींच्याही खाली घसरला. १९८१ मध्ये फक्त संग्राहकांच्या संचांपुरती नाणी पाडली गेली आणि काम थांबलं. बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या बाईचं हे नाणं चाललं नाही, आणि त्याचा दोष गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं बऱ्याचदा तिच्याच माथी मारला जातो. चेहरा कठोर आहे, लोकांना आवडला नाही, असं म्हणून विषय संपवतात. खरी कारणं मिलिमीटर, ग्रॅम आणि एका न घेतलेल्या निर्णयात आहेत. ती नीट समजून घेतली, तर कुठलंही नवं नाणं का चालतं किंवा का पडतं, हेही कळतं.

आधी अँथनी कोण, ते थोडक्यात. जन्म १८२० चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲडम्स गावचा. आयुष्याचा मोठा भाग न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात गेला. ५ नोव्हेंबर १८७२ रोजी रॉचेस्टरमध्ये त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत टाकलं. बाईने मत देणं हा तेव्हा गुन्हा धरला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांना अटक झाली. जून १८७३ मध्ये खटला चालला. न्यायमूर्ती वॉर्ड हंट यांनी ज्यूरीला विचार करायला वेळच दिला नाही, दोषी ठरवा असा थेट आदेश दिला. दंड झाला १०० डॉलरचा. या अन्यायी दंडातला एक डॉलरही मी भरणार नाही, असं अँथनींनी भर कोर्टात सांगितलं आणि तो कधीच भरला नाही. दंड भरेपर्यंत तुरुंगात ठेवा असा हुकूम न्यायाधीशांनी मुद्दामच काढला नाही, त्यामुळे वरच्या कोर्टात जायची वाटही बंद झाली. १९०६ मध्ये त्या गेल्या. बायकांना मताचा हक्क देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती त्यानंतर १४ वर्षांनी, १८ ऑगस्ट १९२० रोजी, टेनेसी राज्याच्या मंजुरीने पूर्ण झाली.

नव्या नाण्यावर कोण, हा प्रश्न १९७८ मध्ये आला तेव्हा टाकसाळीचे मुख्य कोरक्ये फ्रँक गास्पारो यांनी मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता काढून ठेवली होती. काल्पनिक देवी बास झाल्या, खऱ्या बाईचा चेहरा हवा, अशी मागणी झाली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती मानली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १० ऑक्टोबर १९७८ रोजी कायद्यावर सही केली. रोजच्या व्यवहारातल्या अमेरिकन नाण्यावर प्रत्यक्ष होऊन गेलेली स्त्री येण्याची ही पहिलीच वेळ. गास्पारोंनी आधी तरुण अँथनी काढल्या. त्या फार गोंडस दिसतात असा आक्षेप आला. मग म्हाताऱ्या काढल्या, शेवटी पन्नाशीच्या आसपासचा चेहरा ठरला. मागच्या बाजूला चंद्रावर उतरणारा गरुड आहे. तो आधीच्या आयझेनहॉवर डॉलरवरून जसाच्या तसा उचललेला, त्याचा अँथनींशी काहीही संबंध नाही. मताधिकाराच्या नाण्याची अर्धी जागा अशी दुसऱ्याच विषयाला गेली, ही खंत रास्त आहे.

नवं नाणं हवंच कशाला होतं?

आयझेनहॉवर डॉलर १९७१ पासून निघत होता. व्यास ३८.१ मिलिमीटर, वजन २२.६८ ग्रॅम. खिशात चार-पाच ठेवले तरी खिसा लोंबायचा. लोक डॉलरची नोटच वापरत. पण तेव्हाची एक डॉलरची नोट सरासरी दीडेक वर्षात फाटून बाद व्हायची, नाणं मात्र पंधरा वर्षं टिकेल असा अंदाज होता. नोट छापायला दोन सेंटच्या आसपास खर्च यायचा, छोटं नाणं पाडायला तीन सेंटच्या आसपास. म्हणजे एका नाण्याच्या आयुष्यात दहा नोटा छापाव्या लागतात. हिशेब अगदी सरळ होता. नाणं लहान करा, लोक वापरतील, सरकारचा पैसा वाचेल.

लहान म्हणजे किती, इथे गाडी घसरली.

अमेरिकन नाण्यांच्या वजनाला एक शिस्त आहे. दहा सेंटचं नाणं २.२६८ ग्रॅम, पंचवीस सेंटचं ५.६७, पन्नासचं ११.३४, आणि मोठा आयझेनहॉवर डॉलर २२.६८. किंमत दुप्पट की वजन दुप्पट. ही नाणी चांदीची होती तेव्हापासूनची ही रीत, चांदी गेली तरी प्रमाण राहिलं. त्यामुळे अमेरिकन माणसाच्या हाताला वजनावरून किंमत कळत होती. अँथनी डॉलरने ही साखळी तोडली. त्याचं वजन ठरलं ८.१ ग्रॅम आणि व्यास २६.५ मिलिमीटर. पंचवीस सेंटचं नाणं, म्हणजे क्वार्टर, २४.२६ मिलिमीटरचं. फरक सव्वादोन मिलिमीटरचा. दोन्ही शेजारी ठेवली तर दिसतो, पण खिशात हात घालून एकटं नाणं चाचपताना नाही. डॉलर आता पन्नास सेंटपेक्षाही हलका होता, म्हणून वजनाचा जुना अंदाजही उलटा पडला.

त्यात रंग तोच. क्वार्टरप्रमाणेच या नाण्याच्याही पोटात शुद्ध तांबं आणि वरून दोन्ही बाजूंना तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा थर, पंच्याहत्तर टक्के तांबं आणि पंचवीस टक्के निकेल. वरून दोन्ही रुपेरी. कडेलाही दोन्हीवर दाते, क्वार्टरवर ११९ आणि डॉलरवर १३३. दाते मोजून कोणी पैसे देत नाही. दृष्टिहीन माणसाला तर हे नाणं फार अवघड गेलं, कारण बोटाने कड चाचपणं हा त्याचा मुख्य आधार आणि नेमकी तीच खूण दोन्ही नाण्यांवर सारखी.

आपल्याकडच्या वाचकाला हा गोंधळ ऐकीव नाही. १९९२ पासूनचा स्टीलचा एक रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ ला नव्या मालिकेतले दोन रुपये आले तेही स्टीलचे, २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचेच. जुना एक आणि नवा दोन मुठीत मिसळले की एसटीच्या कंडक्टरलाही नाणं फिरवून आकडा वाचावा लागायचा. तिथे घोळ झाला तर एका रुपयाचा. अमेरिकेत क्वार्टर समजून डॉलर दिला की पाऊण डॉलर गेला, आणि १९७९ मध्ये ती रक्कम लहान नव्हती.

अकरा कोनांचं काय झालं?

मूळ कल्पनेत हे नाणं अकरा बाजूंचं होणार होतं. तसं झालं असतं तर बोटाला लगेच कळलं असतं. आज नाणं हातात घेतलं तर बाहेरून ते गोल आहे, पण काठाच्या आतल्या बाजूला अकरा सरळ रेषांची चौकट दिसते. ती त्या सोडून दिलेल्या कल्पनेची उरलेली खूण. नजर खाली नेली तर दिसते, बोटाला जवळजवळ लागत नाही.

कल्पना सोडली ती नाण्यावर चालणाऱ्या मशीनवाल्यांच्या हरकतीमुळे. त्या काळचं मशीन नाणं कसं ओळखायचं ते पाहिलं की हरकत समजते. नाणं फटीतून आत पडलं की आधी एका छोट्या झुल्यावर बसतं. वजन कमी असेल तर झुला कलत नाही आणि नाणं तिथेच अडतं. व्यास लहान असेल तर ते झुल्याच्या दोन खुंट्यांमधून निसटतं आणि बाद होतं. पास झालेलं नाणं उतारावरून कडेवर घरंगळत एका लोहचुंबकाजवळून जातं. लोखंडाची चकती असेल तर चिकटते. तांब्यासारखा वीज चांगली वाहून नेणारा धातू चिकटत नाही, पण चुंबकाजवळून जाताना त्यात क्षणभर वीजप्रवाह भोवऱ्यासारखे फिरतात आणि त्याचा वेग कमी होतो. किती कमी होतो ते धातूवर अवलंबून. उताराच्या टोकाला पोचलेलं नाणं वेगाप्रमाणे जवळ किंवा लांब उडी घेतं, आणि योग्य अंतरावर पडलेलंच गल्ल्यात जातं. आता सरळ बाजूंचं बहुकोनी नाणं या उतारावर सोडलं तर ते ठेचकाळत जाणार, वेग दर वेळी वेगळा येणार आणि खरं नाणंही परत बाहेर येणार. देशभरची मशीन बदलायची तर खर्च प्रचंड. म्हणून काँग्रेसने गोल नाण्यावर समझोता केला.

यावर तोड होती आणि ती माहीतही होती. बाजूंची संख्या विषम ठेवायची आणि प्रत्येक बाजूला ठरावीक बाक द्यायचा, म्हणजे नाणं कसंही फिरवलं तरी त्याची रुंदी सारखीच भरते. ब्रिटनने १९६९ मध्ये सात बाजूंचं ५० पेन्सचं नाणं नेमकं असंच काढलं आणि ते मशीनमध्ये बिनबोभाट चाललं. पुढे २००३ मध्ये याच सातकोनी नाण्यावर मताधिकाराचं चित्र आलं. बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या एका संघटनेच्या स्थापनेला तेव्हा शंभर वर्षं झाली होती. मेरी मिल्नर डिकन्स यांच्या या रचनेत स्वतःला रेलिंगला साखळीने बांधून घेतलेली कार्यकर्ती आहे आणि बाजूच्या फलकावर बायकांना मत द्या ही मागणी. ही ३१ लाखांहून जास्त नाणी थेट व्यवहारात सोडली, आजही एखादं दुकानातल्या सुट्यात हाती येतं.

नोट तशीच राहिली

आकाराचा घोळ मोठा होताच, पण फक्त त्यामुळे नाणं पडलं असं म्हणणं पुरेसं नाही. सगळ्यात महत्त्वाचं कारण असं की एक डॉलरची नोट बंदच केली नाही. नोट आणि नाणं दोन्ही समोर असतील तर लोक सवयीची वस्तू निवडतात. ग्राहकाला नोट हवी, म्हणून दुकानदार नाणी ठेवत नाही. दुकानदार ठेवत नाही, म्हणून बँकेकडे मागत नाही. बँक मागत नाही, म्हणून नाणी तिजोरीत पडून राहतात. २ जुलै १९७९ रोजी नाणं बाजारात आलं आणि काही महिन्यांतच हे चक्र पक्कं झालं. कार्टर क्वार्टर असं टोपणनावही पडलं.

दुसऱ्या देशांनी नोटेचं काय केलं ते तारखांसह पाहण्यासारखं आहे. ब्रिटनने ५० पेन्सचं नाणं आणलं आणि तेवढ्याच किमतीची दहा शिलिंगची नोट नोव्हेंबर १९७० मध्ये रद्द केली. कॅनडाने १९८७ मध्ये डॉलरचं नाणं काढलं आणि १९८९ च्या मध्यापासून डॉलरची नोट देणं थांबवलं. कॅनडाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे, कारण त्या नाण्याचा व्यास नेमका २६.५ मिलिमीटर, अँथनी डॉलरइतकाच, आणि बाजू अकरा! अमेरिकेने टाकून दिलेली कल्पनाच शेजारच्या देशात चालली. फक्त तिथे रंग सोनेरी ठेवला, कड गुळगुळीत ठेवली, बाजूंना बाक दिला आणि नोट काढून घेतली. लोक कुरकुरले आणि वर्षभरात सरावले. मॅनिटोबा प्रांतात बायकांना मत मिळालं त्याला २०१६ मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा कॅनडाने याच डॉलरवर मतपेटीत मत टाकणारी स्त्री आणली आणि तशी ५० लाख नाणी रोजच्या वापरासाठी सोडली. म्हणजे बाईचा मताधिकार हा विषय नाण्यावर चालत नाही, हा समज कॅनडात खोटा ठरला.

अमेरिकेलाही चूक कळली होती. १९९७ च्या कायद्याने पुढचा डॉलर सोनेरी रंगाचा आणि वेगळ्या कडेचा असावा असं ठरवलं. सकागाविया या मूळ अमेरिकन स्त्रीचं चित्र असलेलं हे नाणं २००० मध्ये आलं. व्यास आणि वजन तेच ठेवलं, कारण अँथनी डॉलर घेणारी मशीन तोवर बसली होती. आता मशीन विजेवर चालत होती आणि धातूची विद्युत-चुंबकीय ओळख तपासत होती, म्हणून नव्या धातूची ओळखही जुन्याशी जुळणं भाग होतं. शेवटी तांब्याच्या गाभ्यावर मँगनीज असलेलं पितळ चढवून ते जमवलं. मधल्या काळात टपालाची तिकिटं देणारी मशीन आणि शहरी वाहतुकीची मशीन सुटे म्हणून अँथनी डॉलर देत होती. त्यातून साठा इतका उतरला की सोनेरी नाणं तयार होईपर्यंत पुरणार नाही असं दिसलं, आणि १९९९ मध्ये अँथनी डॉलर पुन्हा पाडावा लागला, चार कोटींहून जास्त. ज्या नाण्याला लोक हात लावत नाहीत असं म्हटलं गेलं, ते योग्य ठिकाणी ठेवल्यावर वापरात येऊन संपत आलं होतं. सोनेरी डॉलरची ओळखण्याची अडचण मिटली होती, तरी दुकानात तोही फारसा फिरला नाही. कारण नोट आजही छापली जाते. इथे तर अँथनींचा चेहरा नव्हता, मग दोष कोणाला देणार?

तुमच्याकडे हे नाणं असेल तर

अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकांनी दिलेल्या सुट्यात किंवा जुन्या डब्यात हे नाणं बऱ्याच मराठी घरांत निघू शकतं. पहिली गोष्ट, यात चांदी अजिबात नाही. कड उजेडात धरली की मधोमध तांब्याची लालसर रेघ दिसते, तिथेच खात्री होते. दुसरी, १९७९ चं नाणं दुर्मिळ नाही, वर दिलेला आकडा आठवावा. इंटरनेटवर त्याच्या लाखो रुपयांच्या किमती सांगणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत ते आजही एक डॉलर म्हणून चालतं.

काही प्रकारांना मात्र संग्राहकांत खरी मागणी आहे. अँथनी उजवीकडे बघतात. त्यांच्या पाठीमागे, खांद्याच्या वर काठाजवळ टाकसाळीचं अक्षर असतं, जसं मुंबईच्या टाकसाळीच्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याची खूण असते. पी म्हणजे फिलाडेल्फिया, डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. १९७९ च्या पी नाण्यात दोन प्रकार आहेत. एकात काठ अरुंद आणि सालाचे आकडे काठापासून दूर, दुसऱ्यात काठ रुंद आणि आकडे काठाला जवळजवळ टेकलेले. रुंद काठाचं कमी सापडतं. एकटं नाणं पाहून फसायला होतं, म्हणून १९८० चं नाणं शेजारी ठेवावं. त्या साली सगळी रुंद काठाचीच आहेत. १९८१ चं साल असेल तर ते नाणं मूळ संचातून कोणीतरी फोडून काढलेलं असणार, कारण त्या वर्षी व्यवहारासाठी एकही सोडलं नाही. सोनेरी रंगाचं अँथनी नाणं दिसलं तर तो मुलामा टाकसाळीने दिलेला नाही, नंतर चढवलेला आहे, आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत त्यामुळे घटते. पितांबरी, चिंच किंवा टूथपेस्टने नाणं घासणं सगळ्यात वाईट. वरचा मूळ झळाळीचा थर एकदा गेला की परत येत नाही.

२०२० चं चांदीचं नाणं वेगळं कसं

घटनादुरुस्तीच्या शताब्दीला अमेरिकेने आणखी एक नाणं काढलं आणि या दोघांची नेहमी गल्लत होते. अँथनी डॉलर व्यवहारासाठी होता. २०२० चं नाणं पूर्णपणे स्मारक, दुकानात खर्च करण्यासाठी नव्हेच. त्यावरही एक डॉलर लिहिलेलं आहे, पण ते ९९.९ टक्के शुद्ध चांदीचं, ३८.१ मिलिमीटरचं, २६.७३ ग्रॅमचं. कायद्याने कमाल चार लाख नगांची मर्यादा घातली होती आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी, शताब्दीच्या दिवशीच, विक्री सुरू झाली.

क्रिस्टिना हेस यांच्या या रचनेत कोणा एकीचं नाव नाही. पुढच्या बाजूला तीन स्त्रियांचे चेहरे एकावर एक सरकवल्यासारखे आहेत आणि तिघींच्या टोप्या तीन वेगळ्या काळातल्या. लढा किती पिढ्या चालला ते टोप्यांवरून कळावं अशी योजना. सगळ्यात पुढची १९२० च्या दशकातली घट्ट टोपी घातलेली, तिच्या बिल्ल्यावर १९२० हे साल आहे. मागच्या बाजूला मतपेटी आहे आणि तिच्या फटीतून २०२० हे आकडेच मतपत्रिकेसारखे आत पडताहेत. इथे दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतात, जे अँथनी डॉलरला मिळालं नाही.

अशा नाण्यामागचा पैशाचा हिशेब असा असतो. अमेरिकेत वर्षाला दोनच विषयांवर स्मारक नाणी निघू शकतात आणि प्रत्येकासाठी काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागतो. विक्रीच्या किमतीत चांदीचा भाव, पाडण्याचा आणि विक्रीचा खर्च, आणि वर एक ठरावीक अधिभार असतो. इथे तो नगामागे दहा डॉलर होता आणि स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी स्त्रियांच्या इतिहासाच्या उपक्रमासाठी राखलेला होता. सरकारचा सगळा खर्च आधी वसूल झाल्याशिवाय अधिभाराची रक्कम संस्थेला देता येत नाही. आणि हा अधिभार फक्त टाकसाळीने केलेल्या पहिल्या विक्रीवर लागतो. आज एखाद्या व्यापाऱ्याकडून किंवा लिलावातून हे नाणं घेतलं तर जास्तीचे सगळे पैसे विकणाऱ्याचे, त्यातला एक सेंटही त्या उपक्रमाकडे जात नाही. त्या कामाला हातभार लावायचा असेल तर पैसे थेट संस्थेलाच द्यावे लागतील.